एका पानावरच्या दोन सह्या

हेडली गारलँड व्होकी. जन्म ३ नोव्हेंबर १९४८, लोअर टिल्ट आर्म, ट्रिनिटी उपसागर, न्यूफाउंडलंड. मृत्यू १९ ऑक्टोबर २०२३, त्याच गावी, त्याच घरी. ते जन्मले तेव्हा हे बेट कॅनडात सामील व्हायला पाच महिने अवकाश होता, आणि ‘मी इथला, देश नंतर आला,’ असे ते आयुष्यभर ऐकवीत राहिले.

वयाच्या अठराव्या वर्षी ते टेलिफोन केंद्रात नोकरीला लागले आणि अडतीस वर्षांनी, केंद्राला माणसाची गरज उरली नाही तेव्हा, निवृत्त झाले. त्यानंतरची बारा वर्षे त्यांनी लाकडे फोडण्यात, जाळी दुरुस्त करण्यात आणि चर्चच्या घंटेचे घड्याळ बिनचूक ठेवण्यात घालवली. मग किटिवेक आले.

किटिवेक हे चलन कोणत्याही बँकेचे नाही आणि कोणत्याही सरकारचे नाही. त्याची वही एकशे वीस साक्षीदारांकडे एकाच वेळी लिहिली जाते. दर सहा सेकंदांनी एक साक्षीदार नव्या व्यवहारांचे पान मांडतो. बाकीचे ते तपासून आपापल्या गुप्त चावीने सही करतात, आणि दोन-तृतीयांशांहून अधिक सह्या जमल्या की ते पान कायमचे मिटते. पान वेळेत पोचले नाही, तर तसे प्रामाणिकपणे लिहून सही करायची: ‘मला पान मिळाले नाही.’ पण एकाच पानाविषयी एकाच चावीने दोन वेगळ्या साक्षी दिल्या, तर ती फसवणूक, आणि तिला माफी नाही. सह्या अर्थातच यंत्र करते. यंत्र जागे ठेवणे एवढेच माणसाचे काम. पण हेडलींना जागे राहण्याचीच सवय होती.

हेडली या साक्षीदारांपैकी एक. त्यांचे यंत्र स्वयंपाकघरातल्या चुलीपासून दूर, भिंतीवरच्या फळीवर असे. गावातल्या एकतीस घरांनी आपली किटिवेक नाणी हेडलींच्या आसनामागे, म्हणजे त्यांच्या साक्षीदाराच्या जागेमागे, तारण म्हणून ठेवली होती. चलनाचे गणित त्यांना कळत नव्हते. हेडली कळत होते. बड्या कंपनीच्या सहीला जेवढे वजन, तेवढेच या फळीवरच्या सहीला. नोकरीत असताना असे कधी घडले नव्हते, आणि हेडलींना त्याचे अप्रूप होते.

त्यांनी आणखी एक काम कोणी न सांगता अंगावर घेतले होते. उरलेल्या एकशे एकोणीस साक्षीदारांची सही किती वेळात पोचते, याचा तक्ता ते आपल्या घरापर्यंतचा उशीर वजा करून ठेवीत. रोज सकाळी, न्याहारीच्या टाउटनवर, म्हणजे तळलेल्या कणकेच्या पोळीवर, काकवी ओतण्याआधी, आदल्या दिवसाचे आकडे तपासून ते फायलीत घालीत. चार वर्षांत एकही दिवस चुकला नव्हता. साक्षीदारांची दर शनिवारी दुपारी पडद्यावर बैठक भरे, तिथे या तक्त्याचा मान होता. त्यातून हेडलींची थट्टाही होई. आमच्याकडचे घड्याळ बाकी देशाहून अर्धा तास वेगळे, आणि रेडिओवर प्रत्येक कार्यक्रमाची वेळ सांगून झाली की ‘न्यूफाउंडलंडमध्ये अर्धा तास उशिरा’ हे शेपूट लागते. बैठकीत कोणीतरी विचारी, “हेड काकांची सही आली का?” आणि चारपाच जण एका सुरात म्हणत, “येईल, अर्ध्या तासाने!” दर वेळी हेडली नव्याने ऐकल्यासारखे हसत.

सप्टेंबर २०२१ मधल्या एका शनिवारी मात्र ते हसले नाहीत. त्यांच्या पत्नी मेलिटाबाईंनी चुलीवर वाटाण्याचे सूप ठेवले होते आणि पडद्यावर डॉ. इल्झे ब्रँडव्होल्ड बोलत होत्या. या माँट्रियलच्या गणिती बाई. किटिवेकचे नियम सुधारण्याचे काम त्यांच्याकडे होते आणि हेडलींवर त्यांचा जीव होता.

“सहा सेकंदांचं पान आता दोन सेकंदांचं करायचं,” त्या म्हणाल्या. “दुकानात उभा असलेला माणूस सहा सेकंद थांबत नाही. आणि मधल्या वेळात दुसऱ्याचा व्यवहार बघून स्वतःचा आधी घुसवणारे जे चोर आहेत ना, त्यांना तेवढी फट उरणार नाही. सही पोचायला मुदत सात दशांश सेकंद. हेड काका, तुमच्या तक्त्याशिवाय हे झालंच नसतं.”

“म्हणजे खापर माझ्यावर, असं म्हण की पोरी.”

“खापर कसलं! चार वर्षांत एक दिवस असा नाही की तेवढ्या वेळात एक्क्याऐंशी सह्या जमल्या नाहीत. वाईटात वाईट वादळातसुद्धा चौऱ्याण्णव.”

“आणि ज्या कधीच जमल्या नाहीत, त्या?”

“नऊ.”

“नऊ कोण?”

“तक्ता तुमचा आहे, काका. तुम्हाला ठाऊक आहे.”

हेडलींना ठाऊक होते. युकॉनमधला एक शाळामास्तर, चिलीच्या टोकाचे एक मेंढपाळ कुटुंब, अझोर्समधले दोघे भाऊ, असे करीत करीत नववे नाव त्यांचे स्वतःचे. त्यांच्या घरून निघालेली सही दोन टेकड्या ओलांडून मनोऱ्यावर जाई, तिथून सेंट जॉन्सला आणि मग जगात. नऊ दशांश सेकंद लागत. बर्फ पडत असेल तर त्याहून जास्त.

पुढचे तीन आठवडे त्यांनी इल्झेबाईंचा हिशेब तपासला. कुठेतरी चूक सापडेल, एखादा रकाना दुप्पट धरला असेल, एखादे वादळ सुटले असेल, अशी त्यांना आशा होती. चूक सापडली नाही. उलट आकडेमोड इतकी स्वच्छ होती की त्यांना ती आवडू लागली. अखेर त्यांनी चार कलमांची हरकत नोंदवली. पहिल्या तीन कलमांना इल्झेबाईंनी सविस्तर उत्तरे दिली आणि ती उत्तरे बरोबर होती. चौथे कलम असे होते: ‘जे नऊ जण जातील ते आपापल्या घरात यंत्र ठेवणारे आहेत. त्यांच्या जागी येणारे भाड्याच्या यंत्रदालनांत बसतील. एका दालनाची वीज गेली तर एका क्षणात किती सह्या जातील, हे कोणत्या रकान्यात लिहिले आहे?’ त्यावर उत्तर आले: ‘प्रश्न रास्त आहे. मोजमाप उपलब्ध नाही.’

मतदान झाले त्या दिवशी मेलिटाबाईंनी विचारले, “विरोधात दिलंस ना?”

“तटस्थ.”

“म्हणजे काय?”

“हिशेब बरोबर आहे, मेलिटा. बरोबर हिशेबाविरुद्ध हात कसा वर करू?”

“मग बाजूने द्यायचं.”

“तेही होईना.”

“अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या लायनी जोडल्यास,” मेलिटाबाई म्हणाल्या, “आणि स्वतःची वेळ आली तर मधेच लोंबकळत राहिलास. शाब्बास!”

ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. अंमलाची तारीख १४ फेब्रुवारी २०२२ ठरली.

हेडलींनी टेलिफोन कंपनीला फोन लावला. युरोपातून समुद्राखालून येणारी काचेच्या तंतूंची जाड दोरी उपसागराच्या तोंडाशी किनाऱ्याला लागते आणि हमरस्त्याच्या कडेने जाते. व्होकींच्या दारापासून तिचे अंतर अकरा किलोमीटर. त्यातला एक तंतू गावाकडे वळवला तर सात दशांशाचा प्रश्नच उरत नव्हता.

“आपल्या भागासाठी योजना आहे, सर,” पलीकडची मुलगी म्हणाली.

“केव्हा?”

“योजना आहे, सर.”

“हे बघ बाळ, मी याच कंपनीत अडतीस वर्षं होतो. माझा कर्मचारी क्रमांक लिहून घे.” त्यांनी तो सांगितला.

कळफलक टकटकल्याचा आवाज आला. “हा क्रमांक आमच्याकडे चालत नाही, सर. यात एक आकडा कमी आहे.”

“आमच्या वेळी एवढेच आकडे असत.”

“आणखी काही मदत करू शकते का, सर?”

१४ फेब्रुवारीला सकाळी हेडली कोट-टाय घालून यंत्रासमोर बसले. ठरल्या पानापासून नवा नियम सुरू झाला. पान येई तेव्हा त्याची मुदत संपलेली असे. यंत्र ‘मला पान मिळाले नाही’ असे लिहून सही करी, पण ती साक्षही उशिरा पोचे आणि धरली जात नसे. मागच्या हजार पानांपैकी निम्म्यांवर सही नसेल तर साक्षीदाराला बाकावर बसवतात. हेडलींना बाकावर बसायला सतरा मिनिटे लागली. बाकावरून स्वतः अर्ज करून उठता येते. मात्र तीस दिवसांत उठला नाही तर आसन रांगेतल्या पुढच्याला जाते.

अर्ज करून उठले तरी पुन्हा सतरा मिनिटांनी बाकावरच येणार, हे त्यांना दिसत होते. अंतर कमी करणे कोणाच्या हातात नव्हते. टेकड्या होत्या तिथेच होत्या.

महिनाअखेरीला मेलिटाबाईंचा धाकटा भाऊ सेल्बी रजेवर आला. तीस वर्षांपूर्वी तो टोरंटोला गेला होता आणि तिथल्या एका मोठ्या यंत्रदालनात वायरमन होता. सूप ओरपता ओरपता त्याने सगळे ऐकून घेतले.

“माझ्या दालनात एक खण रिकामा आहे,” तो म्हणाला. “भाडं किरकोळ. तिथून तुझी सही डोळ्याचं पातं लवायच्या आत पोचेल.”

“ज्याच्याविरुद्ध मी कलम लिहिलं, तिथेच जाऊन बसू?”

“कलम कागदावर आहे, म्हाताऱ्या. कागद बाकावर बसत नाही, तू बसलायस.”

“चावी घराबाहेर गेलेली नाही आजवर.”

“मग ठेव घरात. आणि तुझ्या भरवशावर ठेवलेल्या एफीच्या नाण्यांचं काय सांगशील? अल्मरच्या? कुठल्यातरी अनोळखी कंपनीच्या मागे नेऊन लावा म्हणशील?”

मेलिटाबाईंनी वाद मिटवला तो कोणाची बाजू घेऊन नव्हे. त्या उठल्या, लोकरीच्या हातमोज्यांची जोडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “चावीची प्रत असलेला तो नखाएवढा तुकडा यात घाल. एक मोजा सेल्बी नेईल, एक इथे राहील. म्हणजे परत आणून द्यायची आठवण राहील त्याला.”

अशा रीतीने चावीची एक प्रत डाव्या मोज्याच्या अंगठ्यात टोरंटोला गेली.

पुढे जे घडले ते समजायला हेडलींची एक जुनी सवय सांगायला हवी. १९७४ च्या हिवाळ्यात घाईत असलेल्या एका तार जोडणाऱ्याने नवी तार तपासण्याआधी जुनी कापली. नवी मुकी निघाली. पलीकडच्या वाडीत एक बाई अडली होती आणि चार तास डॉक्टरला फोन लागला नाही. बाई वाचली, मूल वाचले नाही. तेव्हापासून हेडलींच्या केंद्रात एकच नियम होता आणि तो त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवला: नवी तार बोलल्याशिवाय जुनी कापायची नाही. तीस वर्षे त्यांच्या हाताखाली पुन्हा तसे घडले नाही.

दोन यंत्रे एकाच चावीने सही करू लागली तर काय होते, हे हेडलींना पाठ होते. म्हणून त्यांनी नीट विचार केला. घरचे यंत्र बाकावर आहे. बाकावरचा साक्षीदार सही करू शकत नाही. म्हणजे घरचे यंत्र मुके आहे, आणि ते चालू राहिले तरी धोका नाही. टोरंटोचे बोलू लागले की घरचे बंद करायचे. तसा त्यांनी कागदावर क्रम लिहिला, आकडे घालून. क्रमात चूक दिसत नव्हती.

शनिवार, १२ मार्च. मुदत संपायला चार दिवस होते. टोरंटोत सकाळचे अकरा, आमच्याकडे साडेबारा. फोन मेलिटाबाईंनी धरला होता, आवाज मोठा करून.

“हिरवा दिवा लागला,” सेल्बी म्हणाला.

“पानं येतायत?”

“येतायत, धो धो. तुझ्या त्या टेकड्यांवर थुंकायचीसुद्धा गरज नाही.”

“मग अर्ज पाठवतो.”

“घरचं बंद केलंस ना?”

“आधी तुझं बोलू दे.”

“बरं बाबा. तू केंद्राचा साहेब, मी आपला वायरमन.”

हेडलींनी अर्ज पाठवला. तीन पानांनंतर तो मंजूर झाला. टोरंटोच्या यंत्राने पुढच्या पानावर सही केली: ‘मान्य.’ पातं लवायच्या आत.

“बोललं!” सेल्बी ओरडला. “बोललं रे, म्हाताऱ्या!”

मेलिटाबाईंनी फोनसकट टाळी वाजवायचा प्रयत्न केला. त्याच क्षणी फळीवरचे घरचे यंत्रही लुकलुकले. सव्वीस दिवसांनी पहिल्यांदा. हेडलींना क्षणभर बरेच वाटले. जुनी तारही जिवंत आहे, असे त्यांच्या मनात आले. ते बटणाकडे हात नेत होते आणि हात अर्ध्यावर असताना त्यांना कळले.

बाकावर आसन बसले होते, यंत्र नव्हे. आसन उठले तशी त्या चावीची दोन्ही यंत्रे उठली. घरच्या यंत्राकडे पान वेळेत आले नव्हते. त्याने नियमाप्रमाणे प्रामाणिकपणे लिहिले होते: ‘मला पान मिळाले नाही,’ आणि खाली हेडली व्होकींची सही केली होती. एकच पान, एकच चावी, दोन साक्षी.

त्यांनी तार उपटली. आठ सेकंदांनी कुठल्यातरी दूरच्या साक्षीदाराच्या यंत्राने दोन्ही सह्या, उशिरा पोचलेलीसुद्धा, शेजारी शेजारी ठेवून पुरावा दाखल केला. त्यानंतरच्या पानावर ओळ उमटली: आसन कायमचे बंद.

“काय झालं?” मेलिटाबाई म्हणाल्या. “पुन्हा लाव ना. हेडली, पुन्हा लाव.”

“ऐकू येतंय का?” फोनमधून सेल्बी. “अरे, दिवा लाल का झाला?”

हेडलींनी तार हातात तशीच धरून ठेवली होती. ते म्हणाले, “सेल्बी, घरी जा आता. जेवण कर.”

संध्याकाळी इल्झेबाईंचा फोन आला. त्यांनी सगळी पाने वाचली होती.

“काका, दोन्ही साक्षी खऱ्या होत्या. मला स्वच्छ दिसतंय. तिथे पान पोचलं, इथे नाही पोचलं.”

“मग लिही तसं.”

“लिहीन. पण नियमाला खरं-खोटं कळत नाही, काका. त्याला फक्त दोन कळतात.”

“तुझाच का हा नियम?”

“नाही. पहिल्या वर्षीचा आहे. तेव्हा मतदान झालं होतं त्याच्यावर. तुम्हीही होतात.”

“होतो,” हेडली म्हणाले. “बाजूने दिलं होतं मी. चांगला नियम आहे.”

इल्झेबाई रडत होत्या असे मेलिटाबाई पुढे सांगत. हेडलींनी त्यांना माँट्रियलमध्ये बर्फ वितळू लागला का, असे विचारले.

दुसऱ्या आठवड्यात ते एकतीस घरी गेले. दंड म्हणून प्रत्येकाच्या तारणाचा विसावा भाग कापला गेला होता. काय घडले ते त्यांनी दर घरी उभ्यानेच, एकाच शब्दांत सांगितले. अल्मर म्हणाला, “तुझ्या जागी मी असतो तर सगळंच बुडवलं असतं, बस खाली.” एफीने न विचारता चहा पुढे केला, डब्याचे दूध घालून. तो त्यांनी घेतला. भरपाई कोणी मागितली नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. मागितली असती तर निदान काही करता आले असते.

इल्झेबाईंनी आसन पुन्हा उघडण्याचा ठराव मांडला. मतदानाच्या आदल्या दिवशी हेडलींनी पत्र पाठवून तो मागे घ्यायला लावला. ‘दोन सह्या करणाऱ्याची नियत तपासण्याचे साधन आपल्याकडे नाही,’ असे त्यांनी लिहिले होते. ‘माझ्यासाठी दार उघडले तर पुढच्याला कोणत्या कारणाने अडवाल, हे मला सुचत नाही.’ पत्राचा मसुदा त्यांनी चार वेळा केला. पहिल्या तीन मसुद्यांत ते दार उघडा, असेच म्हणत होते. ते तिन्ही कागद त्यांच्या टेबलाच्या खणात निघाले.

तक्ता मात्र त्यांनी सोडला नाही. सही करता येत नसली तरी घरच्या यंत्रावर पाने येत होती. रोज सकाळी ते आकडे तपासत. आता रकाने एकशे वीस होते, कारण साक्षीदारांत ते स्वतः उरले नव्हते आणि कोणाला वगळायचे नव्हते. शनिवारच्या बैठकीला ते श्रोता म्हणून बसत. तिथे कोणी आता अर्ध्या तासाची थट्टा करीत नसे. तेवढे सोडले तर सगळे पूर्वीसारखे होते. १९ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी ते टेबलाशी बसल्या जागी गेले. आदल्या दिवसाचे सत्याऐंशी आकडे तपासून झाले होते.

मागे जे राहिले ते असे. त्यांचे आसन मार्च २०२२ मध्येच व्हर्जिनियातल्या एका यंत्रदालनाला गेले होते. नऊंपैकी उरलेल्या आठ जणांतले सहा गेले, दोघांनी शहरात खण घेतले. एकतीस घरांपैकी एकोणतीस घरांनी नाणी काढून घेतली, दोन घरांना ती कशी काढायची ते कळले नाही. हेडलींच्या शेवटच्या तक्त्यानुसार एकशे वीसपैकी चौऱ्याहत्तर यंत्रे तीन इमारतींत आहेत. पाने दोन सेकंदांत मिटतात आणि आजवर एकही अडलेले नाही. बाकावरून उठताना जुने यंत्र बंद असल्याची खातरजमा करावी, अशी सूचना नियमपुस्तकात आली आहे. कोणामुळे आली ते तिथे लिहिलेले नाही. त्या पानावरच्या दोन्ही सह्या काढता येत नाहीत. हरकतीच्या चौथ्या कलमापुढे अजून ‘मोजमाप उपलब्ध नाही’ हेच उत्तर आहे. मेलिटाबाईंनी तक्त्याची फाईल इल्झेबाईंकडे पाठवली, तिची पोच आली आहे.

डावा मोजा सेल्बीकडे आहे. प्रेतयात्रेला तो आणायचा विसरला.